वाडीतल्या एकट्या म्हाताऱ्यांसाठी देणगी: द्यायची कशी आणि त्यांच्याकडून घ्यायची कशी

कोकणातल्या वाडीला देणगीदार कमी पडत नाहीत. देवळाचा सभामंडप होतो, स्मशानशेड होते, शाळेला पंखे येतात, पाखाडीच्या (दगडी पायवाटेच्या) तोंडाशी सिमेंटचा बाक बसतो आणि बाकावर देणाऱ्याच्या वडिलांचं नाव येतं. त्या बाकावर संध्याकाळी बसायला दुसरं माणूस लागतं, त्याची तरतूद मात्र कुठल्याच पावतीपुस्तकात नसते.

२००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. २०११च्या जनगणनेत रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. कमावते हात मुंबई, ठाणे, पुण्याला गेले. मागे माजघर, पडवी, दारातली तुळस आणि ती सांभाळणारी एखादी आजी. लांबलेला एकटेपणा शरीरालाही बाधतो. हृदयविकार, पक्षाघात आणि स्मृतिभ्रंश यांचा धोका त्याने वाढतो. तेव्हा याकडे ‘म्हातारपणाची कुरकुर’ म्हणून बघू नये.

एक वाडी, दहा-पंधरा ज्येष्ठ आणि बाहेरगावी असलेले पंचवीस-तीस देणारे, एवढ्यावर आठवड्याच्या बैठका आणि घरभेटी यांतून सोबत देण्याचं हे काम उभं राहतं. पुढचं सगळं याच मापाने लिहिलं आहे.

आधी यादी, पण रेशनकार्ड बघून नको

पहिली चूक यादीतच होते. मंडळ ‘गरजू’ शोधतं, म्हणून पिवळं रेशनकार्ड असलेल्यांची नावं येतात. चिरेबंदी घरात राहणारे, पेन्शन घेणारे, मुलाने इन्व्हर्टरपासून फ्रीजपर्यंत सगळं घेऊन दिलेले निवृत्त मास्तर यादीत येतच नाहीत, आणि कदाचित तेच चार-चार दिवस कोणाशी बोललेले नसतात. सुनेच्या भरल्या घरात असूनही एकटी असलेली काकीही अशीच सुटते.

म्हणून प्रश्न विचारून यादी करा. जगभर वापरली जाणारी तीन प्रश्नांची एक छोटी चाचणी आहे. सोबतीला कोणी नाही असं किती वेळा वाटतं? आपल्याला वगळलं जातंय असं किती वेळा वाटतं? आपण सगळ्यांपासून तुटलो आहोत असं किती वेळा वाटतं? ‘क्वचितच’ला १, ‘कधी कधी’ला २, ‘बरेचदा’ला ३ गुण. बेरीज ३ ते ९च्या मध्ये येते आणि ६ किंवा जास्त आली तर त्या व्यक्तीला एकटेपणा आहे असं बरेच अभ्यासक धरतात.

कागद-पेन घेऊन समोर बसू नका. कोकणातला म्हातारा माणूस कागद दिसला की सातबाऱ्याचा विचार करतो. पडवीत बसा, चहा घ्या, बोलता बोलता विचारा आणि बाहेर आल्यावर आकडा लिहून ठेवा. सून किंवा मुलगा शेजारी असेल तर विचारूच नका. उत्तर ‘माझं काय, सगळं बरं आहे’ असंच येणार. विचारणारी व्यक्ती वाडीतलीच, शक्यतो बाई असावी. अंगणवाडीच्या मदतनीस किंवा आशाताईंना घराघराची खबर असते, त्यांना बरोबर घ्या. पण कोणाचे गुण किती, हे त्यांनाही कळता कामा नये.

त्याच फेरीत आणखी तीन गोष्टी टिपा: ऐकू येतं का, दिसतं का, घरापासून रस्त्यापर्यंत चालता येतं का. बैठकीला न येण्याचं कारण पुष्कळदा कान असतो. चार माणसांत काय बोललं ते कळत नाही, हसण्यावारी न्यावं लागतं, मग माणूस जाणंच बंद करतो.

पैसा कशावर लावायचा

नियम एकच ठेवा: जे दर आठवड्याला परत परत लागतं त्यावर खर्च करायचा. १ ऑक्टोबरला, ज्येष्ठ नागरिक दिनी, ब्लँकेट, फळं, शाल-श्रीफळ आणि फोटो हा कार्यक्रम सगळीकडे होतो. ब्लँकेट कपाटात जातं. त्यावर होणारा खर्च वाईट नाही, पण एकटेपणाशी त्याचा संबंध नाही.

आठवड्यातून दोन बैठका धरून महिन्याचा अंदाज असा बसतो. बारा ज्येष्ठ आणि दोन मदतनीस यांचा चहा-खाऊ माणशी १५ रुपये, आठ बैठका: १६८० रुपये. वरच्या आणि लांबच्या घरांसाठी रिक्षाची नेण्याची एक आणि पोचवण्याची एक फेरी, १०० रुपयांप्रमाणे: १६०० रुपये. वाडीतल्या एका ताईला मानधन: ३००० रुपये. दोघा मदतनिसांचे फोन रिचार्ज: ५०० रुपये. श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या, चष्म्याची काडी, काठीचं रबर असल्या किरकोळीसाठी ५०० रुपये. एकूण ७२८० रुपये. तीस जणांनी महिना २५० रुपये दिले की ७५०० होतात आणि वर्षाकाठी अडीच हजारांच्या वर शिल्लक पडते. तुमच्या गावचे दर वेगळे असतील, आकडे बदला. पण मानधन कापू नका.

मानधनावर मंडळात वाद होतोच. ‘गावच्या कामाला पैसे कशाला?’ असं कोणीतरी विचारतं. फुकट काम करणारी ताई लावणी सुरू झाली की शेतात जाते, काजूच्या हंगामात बागेत जाते आणि बैठक बंद पडते. तीन हजारांत तिचा वेळ बांधला जातो, तिला कामाचा मान मिळतो, आणि ‘आज आला नाहीत, बरं आहे ना?’ असं विचारायला घरोघरी जाण्याची जबाबदारी कोणाची याबद्दल शंका उरत नाही.

वर्षाचे पैसे, म्हणजे नव्वद हजार, हातात किंवा पक्क्या कबुलीत आल्याशिवाय सुरुवात करू नका. तीन महिने येऊन थांबलेली सोबत कधीच न आलेल्या सोबतीपेक्षा जास्त लागते.

साधनांची देणगी द्यायची असेल तर आधी सरकारी योजना बघा. केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत पात्र ज्येष्ठांना काठी, चष्मा, श्रवणयंत्र मिळतं. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्टीपुढच्या, कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना ३००० रुपये एकरकमी मिळतात. अर्ज भरून देणं, आधार आणि बँक पासबुकाच्या झेरॉक्स काढून देणं हीसुद्धा देणगीच. श्रवणयंत्र दिलं तर त्याची पुढची सोय पण द्या. लहान यंत्राची बॅटरी आठवडा-दोन आठवड्यांत संपते आणि आपल्याकडच्या दमट हवेत यंत्र लवकर बिघडतं. रात्री बॅटरी काढून यंत्र सिलिका जेलच्या पुडीसकट घट्ट झाकणाच्या डबीत ठेवायचं, हे दोन-तीनदा करून दाखवावं लागतं. पहिले काही दिवस भांड्यांचा आवाजही डोक्यात जातो, म्हणून रोज तासाभरापासून सुरुवात करायची. हे कोणी सांगितलं नाही की यंत्र ट्रंकेत जातं.

एसटीचं गणित लक्षात घ्या. पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट आहे, ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट. मग आजी तालुक्याला बहिणीकडे का जात नाही? कारण वाडीपासून फाटा दोन किलोमीटर, मध्ये घाटी. तेव्हा बसचे पैसे देऊ नका, वाडी ते फाटा रिक्षाचे द्या.

बैठक

वेळ चार ते साडेपाच. दुपारची झोप झालेली असते आणि दिवेलागणीआधी सगळे घरी पोचतात. वार ठरलेले, उदाहरणार्थ मंगळवार आणि शुक्रवार, आणि ते बदलायचे नाहीत. स्मरणात न राहणाऱ्यांना वारच आधार असतो.

जागा निवडताना देऊळ पटकन सुचतं, पण मानपानाचा वाद चालू असेल किंवा वाडीतली काही घरं तिथे मोकळेपणाने बसत नसतील तर तिथे निम्मेच येतील. शाळेची रिकामी खोली (मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीची लेखी परवानगी घेऊन), ग्रामपंचायतीचं सभागृह किंवा कोणत्याही भावकीत नसलेल्या माणसाची मोठी पडवी बरी. पायऱ्या तीनपेक्षा जास्त नकोत, शौचालय जवळ हवं, आणि पाठ टेकायला खुर्च्या हव्यात. सतरंजीवर बसलेल्या आजींना उठवायला दोन माणसं लागतात, आणि त्या लाजेने पुढच्या वेळी येत नाहीत.

हळदीकुंकवाचं निमित्त करू नका. ज्यांच्यासाठी हे चाललं आहे त्यांतल्या बऱ्याच बायका विधवा असतात.

कार्यक्रम फारसा आखू नका. व्याख्यान, योगासनं, आरोग्य शिबिर महिन्यातून एकदा पुरे. बाकी वेळ गजालीसाठी, म्हणजे गप्पांसाठी, मोकळा ठेवा. भांडणं होतील, होऊ द्या. भांडायला माणूस असणं हीही सोबतच आहे. फक्त बांध, वारस नोंद आणि गडगा (कुंपणाची दगडी भिंत) हे विषय ताईने वेळीच दुसरीकडे वळवावेत.

जे घराबाहेर पडूच शकत नाहीत त्यांच्याकडे माणूस पाठवा. एका ज्येष्ठामागे दोन भेटणारे ठरवा, म्हणजे एक परगावी गेला तरी खंड पडत नाही. आठवड्यातून एकदा, पाऊण तास. भेटणाऱ्याने कोणत्याही कागदावर सही घ्यायची नाही, पैशाचा व्यवहार करायचा नाही, ओटीपी विचारायचा नाही, जमिनीबद्दल मत द्यायचं नाही. हे चार नियम पहिल्या दिवशी घरच्यांसमोर सांगून टाका. पुढचे गैरसमज वाचतात. मुंबईहून फोन करणाऱ्यांनाही वार आणि वेळ ठरवून द्या. ‘जेवलात का, गोळ्या घेतल्या का’ एवढ्यावर फोन संपवायचा नाही. काहीतरी विचारा ज्याचं उत्तर फक्त त्यांनाच माहीत आहे: यंदा रतांबे कसे लागले, अमक्याच्या लग्नाला किती वर्षं झाली, कुळथाची पिठी पातळ झाली तर काय करायचं.

त्यांनी दिलेलं घ्या

सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं. देणाऱ्याचा हात वर, घेणाऱ्याचा खाली. वर्षभर नुसतं घेत राहिलेल्या माणसाला सोबत मिळाली तरी आपण कोणाच्या कामाचे नाही ही बोच राहतेच. कोकणातला म्हातारा तुम्हाला रिकाम्या हाताने जाऊ देत नाही. दोन नारळ, केळ्यांचा घड, फणसाचे गरे काहीतरी पिशवीत घालतोच. काही संस्था कार्यकर्त्यांना ‘काहीही स्वीकारू नका’ असं बजावतात. आमच्या मते तो नियम इथे चुकीचा आहे. परसातलं, हाताने केलेलं जरूर घ्यावं. रोख, दागिना आणि जमीन मात्र कधीच नाही.

अमेरिकेत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जोडीदार नुकताच गमावलेल्या ज्येष्ठांकडे पाहिलं गेलं. आठवड्याला दोन तास किंवा जास्त स्वयंसेवा सुरू केलेल्यांचा एकटेपणा संसारात असलेल्यांच्या पातळीपर्यंत खाली आला. त्याहून कमी वेळ देणाऱ्यांत तसा फरक दिसला नाही. दोन देशांत सगळं सारखं नसतं, पण दोन तासांचं माप धरायला हरकत नाही. म्हणजे प्रत्येक ज्येष्ठाकडे आठवड्याला दोन तासांचं एक खरं काम असावं. खरं म्हणजे असं, की त्यांनी केलं नाही तर कोणाचं तरी अडेल.

अंगणवाडीत आठवड्यातून दोनदा तासभर गोष्टी सांगणं. किनाऱ्यावरच्या वाडीत जाळी विणायला आणि शिवायला शिकवणं. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढायला आता जमत नाही, पण फाटलेलं जाळं त्यांच्याइतकं नीट कोणी शिवत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये आंब्याची कोय कलमं बांधणं: जूनमध्ये कोयी रुजत घालायच्या, कोंब कोवळा तांबूस असतानाच कलम करायचं, आणि तयार रोपं पुढच्या पावसाळ्यात शाळेला किंवा नव्या घरांना द्यायची. हात थरथरत असेल तर पाचर कापायला तरुण मुलगा द्या आणि काडी निवडायचं काम आबांकडे ठेवा. बियाण्याची पेढी हे आणखी सोपं: दोडका, पडवळ, भेंडी, काकडीचं बी वाळवून, राखेत घोळून, कोरड्या बाटलीत भरून वर नाव-वर्ष लिहायचं आणि मृगाच्या आधी वाडीत वाटायचं.

बायकांच्या हातची वाकळ फार उपयोगी पडते. प्राथमिक आरोग्य केंद्रात जन्मलेल्या बाळांसाठी साधारण तीन फूट बाय अडीच फूट माप पुरतं. जुन्या सुती साड्या आणि लुंग्यांचे तीन-चार थर, वरचा थर फिकट रंगाचा, टाके जवळ, टिकली-मणी काही नको. देण्याआधी उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवायची, म्हणजे वाकळींचं काम दसऱ्यापासून मेपर्यंतच. डोळे अधू झालेल्यांना थर मांडायचं आणि सुया ओवलेल्या हातात घेऊन टाके घालायचं काम जमतं. सुया ओवून द्यायला शाळेतली मुलं बोलवा. दोन पिढ्या एका कामावर बसतात त्या अशाच.

आमसुलं, साठं, सांडगी मिरची विकून निधी उभा करण्याची कल्पना दर वेळी निघते. थोडं घरगुती करून गणपतीत वाटा, ठीक आहे. विक्रीचं लक्ष्य ठेवलं की परवाना, पॅकिंग, मुदत, वसुली सुरू होते आणि आजींची कामगार होते.

पैशाचं दानही त्यांच्याकडून घ्यावं, पण जपून. बैठकीच्या जागी कुलपाची डबी ठेवा. ज्याला वाटेल त्याने, वाटेल तेवढं टाकावं. नाव नाही, पावती नाही, फळा तर अजिबात नाही. श्रावणबाळ योजनेचे दीड हजार हेच ज्यांचं महिन्याचं रोख उत्पन्न, त्यांच्या दहा रुपयांची दुसऱ्याच्या पाचशेशी तुलना होता कामा नये. तीन महिन्यांनी डबी उघडायची आणि त्या पैशाचं काय करायचं ते फक्त ज्येष्ठांनी ठरवायचं. वह्या घेतील, कोणाच्या औषधाला देतील, भजनाच्या पखवाजाला नवी पुडी घालतील. मंडळाच्या अध्यक्षांना ते पटो न पटो.

पावसाळा, आणि गणपती गेल्यावर

जून ते सप्टेंबर मोठी बैठक जमत नाही. व्हाळ (ओढा) भरतो, त्यावरचा साकव (छोटा पूल) निसरडा होतो, वीज जाते, मोबाइलची रेंज जाते. त्या काळात तीन-चार शेजारघरांचे गट करून एकाच्या पडवीत बसवा. रिक्षाचे वाचलेले पैसे रॉकेलऐवजी सौर कंदिलांवर आणि छत्र्यांवर घाला. रेंज नसते तिथे फोनवर विसंबू नका. सकाळी शेजारच्या घरात हाक देऊन यायची पाळी लावा.

गणपतीत घर भरतं. विसर्जन होतं, मुंबईच्या गाड्या सुटतात आणि दुसऱ्या दिवशी दोन माणसांचं जेवण रांधायचं असतं. विसर्जनानंतरचे आठ दिवस आणि मे संपल्यानंतरचा आठवडा, या दोन वेळी नेहमीपेक्षा दुप्पट भेटी ठेवा. चाकरमान्यांकडून त्यांच्या मुक्कामातच पुढच्या वर्षाची कबुली, फोनचा वार आणि हिशेबतपासणी उरकून घ्या. पितृपक्षात म्हाळाचा शिधा देणाऱ्यांना सुचवा: शिधा पाठवू नका, एका एकट्या ज्येष्ठाला पानावर बसवा आणि त्यांच्या सोबत जेवा.

हिशेब

वाडीतल्या चाकरमान्यांच्या मुंबई मंडळाची १८६०चा संस्था नोंदणी कायदा आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा यांखाली नोंदणी असेल तर पैसे त्याच खात्यात, वेगळ्या शीर्षाखाली घ्या. दोन सह्यांशिवाय रक्कम निघू नये. नोंदणी नसलेल्या गटाने उघड वर्गणी गोळा करण्याआधी धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी. ८०जीची, म्हणजे देणाऱ्याला आयकरात वजावट मिळवून देणारी, मान्यता ही वेगळी गोष्ट आहे, नोंदणीबरोबर ती आपोआप येत नाही. मान्यता असली तरी २००० रुपयांवरची रोख देणगी आणि वस्तुरूप देणगी करवजावटीत धरत नाहीत, आणि नवी करप्रणाली घेतलेल्याला ही वजावट मिळतच नाही. देणाऱ्यांना हे आधी सांगा. मार्चमध्ये होणारी चिडचिड टळते.

हिशेब वर्षातून एकदा नव्हे, तीन महिन्यांनी, ज्येष्ठांच्या बैठकीतच मोठ्याने वाचा. त्यांना आकडे तोंडपाठ असतात. चहाची साखर किती आली हे तेच पकडतील.

सोबतीने सगळं सुटत नाही. कोणी जेवण सोडलं, झोप गेली, ‘आता जगून काय करायचं’ असं बोलू लागलं तर आरोग्य केंद्रात न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. छळ किंवा हेळसांड दिसली तर ज्येष्ठांसाठीची मदतवाहिनी एल्डरलाइन १४५६७, आणि पालक व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या २००७च्या कायद्यानुसार प्रांत कार्यालयातल्या न्यायाधिकरणाकडे निर्वाहाचा अर्ज करता येतो. त्यात मंडळाने स्वतः पंच होऊ नये.

सहा महिन्यांनी तेच तीन प्रश्न पुन्हा विचारा. बेरीज उतरली नसेल तर आधी हजेरीवही बघा. येत नसतील तर वाट, कान किंवा कोणाशी तरी झालेलं बोलणं यांत कारण सापडतं. येत असूनही उतरली नसेल तर त्यांच्याकडे दोन तासांचं काम आहे का ते तपासा. आणि निधी खरंच संपत आला असेल तर तीन महिने आधी बैठकीत सांगा, दोनाच्या जागी एक बैठक करा, मानधन शेवटपर्यंत चालू ठेवा. बाकीचं कसं चालवायचं ते ज्येष्ठांनाच विचारा.